प्रभाग 132 चे दोन कागद

2017 च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा घाटकोपर पूर्वेतल्या प्रभाग क्रमांक 132 मध्ये पराग शाह हे बांधकाम व्यावसायिक भाजपचे उमेदवार होते. अर्जाबरोबरच्या शपथपत्रात त्यांनी सुमारे 690 कोटी रुपयांची मालमत्ता दाखवली. त्या निवडणुकीतले ते सर्वांत श्रीमंत उमेदवार. समोर काँग्रेसचे प्रवीण छेडा होते, महापालिकेतले विरोधी पक्षनेते. शाह जिंकले. याच प्रभागाला लागू असलेला दुसरा कागद राज्य निवडणूक आयोगाचा आहे. त्यानुसार मुंबईत एका उमेदवाराने जास्तीत जास्त 10 लाख रुपये खर्च करायचे होते. पहिल्या कागदावरचा आकडा दुसऱ्यावरच्या आकड्याच्या 6,900 पट भरतो.

श्रीमंत असणे हा गुन्हा नाही, आणि ती श्रीमंती शपथेवर उघड मांडणे हे कायद्याचे पालनच आहे. शाह पुढे 2019 मध्ये घाटकोपर पूर्वचे आमदार झाले. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत त्यांनी सुमारे 3,383 कोटींची मालमत्ता जाहीर केली, राज्यातल्या उमेदवारांत सर्वाधिक. हे आपल्याला माहीत आहे ते त्यांनी लिहून दिले म्हणून. तेव्हा इथला प्रश्न एका व्यक्तीचा नाही. वॉर्डाची निवडणूक 10 लाखांत होते असे कायदा धरून चालतो. त्या निवडणुकीतला पैसा प्रत्यक्षात कोणत्या कागदांवर उमटतो, आणि कोणत्या कागदावर तो उमटण्याची सोयच ठेवलेली नाही, हे तपासायचे आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या माणसाचे पाणी, नाला, रस्ता, दवाखाना या निवडणुकीशी बांधलेले आहेत. 2016-17 चे महापालिकेचे अंदाजपत्रक 37,052 कोटींचे होते. एवढ्या पैशावर देखरेख करणारी माणसे निवडून कशी येतात, हे जाणून घेण्याचा हक्क तिथल्या मतदाराचा आहे.

आधी 10 लाखांचा अर्थ लावू. 2017 मध्ये मुंबईत सुमारे 92 लाख मतदार होते आणि प्रभाग 227. म्हणजे एका प्रभागात सरासरी 40 हजार मतदार, आणि एका मतदारामागे उमेदवाराला 25 रुपये. त्यात पत्रके, फलक, मंडप, रिक्षा, मतदारांच्या चिठ्ठ्या आणि बूथवरच्या पोरांचा चहा-वडापाव असे सगळे बसवायचे. त्याआधीच्या, 2012 च्या निवडणुकीत ही मर्यादा 5 लाखांची होती. 2026 मध्ये ती 15 लाख झाली. 2017 च्या रिंगणात 2,275 उमेदवार होते. प्रत्येकाने मर्यादा पुरेपूर वापरली असे धरले, तरी सगळ्या शहराच्या निवडणुकीचा कायदेशीर खर्च 227 कोटी 50 लाखांवर थांबतो. प्रभाग 132 मधल्या एका उमेदवाराची जाहीर मालमत्ता या सगळ्या बेरजेच्या तिप्पट होती.

शपथपत्र ही नागरिकांनी भांडून मिळवलेली वस्तू आहे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था न्यायालयात गेली आणि 2 मे 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे मतदाराला कळलेच पाहिजेत असे ठरवले. सरकारने कायदा बदलून त्यातला बराच भाग परतवायचा प्रयत्न केला. 13 मार्च 2003 च्या निकालाने तो प्रयत्न हाणून पाडला. पुढे हीच पद्धत स्थानिक निवडणुकांतही आली. म्हणून घाटकोपरचा तो आकडा आज आपल्यापुढे आहे. मात्र शपथपत्र सांगते ते उमेदवाराचे स्वतःचे आणि कुटुंबाचे. त्याच्यामागे उभ्या असलेल्या पैशाविषयी ते काही विचारत नाही.

खर्चाच्या हिशेबाचे काय? 1993 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका-महापालिकांना घटनेत स्थान मिळाले, आणि त्यांच्या निवडणुकांसाठी महाराष्ट्रात 1994 मध्ये राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. दिल्लीतल्या निवडणूक आयोगापासून तो स्वतंत्र आहे. खर्चाची मर्यादा तोच ठरवतो. उमेदवाराने स्वतंत्र बँक खाते काढायचे, खर्च नोंदवायचा, आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यायचा. हिशेब न दिल्यास अपात्रता येऊ शकते. 2017 मध्ये रोजचा खर्च 'ट्रू व्होटर' या मोबाइल ॲपवर भरण्याची सोयही आयोगाने केली होती. यंत्रणा म्हणून हे बरेच काही आहे, आणि ते उभे करणाऱ्या अधिकाऱ्यांचे श्रेय नाकारता येत नाही.

पण निवडणुकीच्या हिशेबाची वही उमेदवारी अर्जाच्या सुमाराला उघडते आणि निकालाला मिटते. उपनगरातले वॉर्डाचे राजकारण तेवढ्या दिवसांत होत नाही. ते श्रावणात दहीहंडीच्या थरांवर होते, भाद्रपदात मंडळाच्या वर्गणीत, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाच्या वाणात, जूनमधल्या वह्यावाटपात आणि देवदर्शनाला सुटणाऱ्या बसमध्ये होते. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवून देणारा, गच्चीवर पत्र्याची शेड घालून देणारा इच्छुक निवडणुकीच्या आधी दोन-तीन वर्षे कामाला लागलेला असतो. आचारसंहिता लागेपर्यंत यातला बराचसा खर्च होऊन गेलेला असतो, आणि तो ना शपथपत्रात येतो ना हिशेबात. सोडतीत प्रभाग महिलांसाठी राखीव झाला, तर हाच पैसा पत्नीच्या, सुनेच्या किंवा आईच्या उमेदवारीमागे उभा राहतो. पैसा लावणाऱ्या घराची पुढच्या पाच वर्षांत परतफेडीची अपेक्षा असते, हे वॉर्डात राहणाऱ्या कोणालाही पटवून सांगावे लागत नाही.

हे पैशाचे राजकारण उपनगरांत कसे आले, हे पाहायला आता मागे, 1957 मध्ये जाऊ. 1 फेब्रुवारी 1957 रोजी मुलुंड, बोरिवली आणि दहिसरपर्यंतचा पट्टा मुंबई महापालिकेत आला. अंधेरी आणि घाटकोपर त्याआधी, 1950 मध्येच आले होते. तोवर या गावांचा कारभार स्वतंत्र होता. घाटकोपर-किरोळ नगरपालिका हे नाव जुन्या कागदांत भेटते. त्या लहान नगरपालिकांतला उमेदवार मतदारांना घरोघर ओळखत असणार, आणि त्याला निवडून यायला लागणारा पैसाही त्या मानाने थोडा असणार. हा अंदाज आहे, पण प्रभागाच्या आकाराचे गणित त्याच दिशेला जाते. महापालिकेत आल्याने उपनगरांना मोठे पाणी मिळाले, मोठे रस्ते मिळाले, आणि मोठ्या पक्षांचे राजकारणही मिळाले.

त्याच वर्षी फोर्टात, मुंबई उच्च न्यायालयात, एक वेगळाच खटला चालला. टाटा आयर्न ॲण्ड स्टील कंपनीला आपल्या घटनापत्रात दुरुस्ती करून राजकीय पक्षांना देणग्या देण्याचा अधिकार घ्यायचा होता. एका भागधारकाने त्याला विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे प्रश्न आला. कायद्याच्या शब्दांत त्यांना कंपनीला अडवता आले नाही. दुरुस्ती मान्य झाली. पण त्या निकालपत्रात छागलांनी जे लिहून ठेवले ते वाचताना आजही थांबायला होते. कंपन्यांच्या पैशाने पक्ष चालू लागले तर हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळेल, असा इशारा त्यांनी दिला आणि संसदेने याचा विचार करावा असे सुचवले. निकाल कंपनीच्या बाजूने देणारा न्यायाधीश त्याच निकालात त्या वाटेबद्दल भय व्यक्त करतो, याचे मोल मला फार वाटते. कायद्याच्या मर्यादेत राहून न्यायाधीशाला जेवढे करता येते तेवढे त्यांनी केले.

संसदेने विचार केला, पण एका दिशेने टिकून नाही. 1960 मध्ये कंपनी कायद्यात बंधन आले: वर्षाला 25 हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 5 टक्के, यांतले जे जास्त असेल ते, आणि देणगीची नोंद ताळेबंदात. 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच आली. 1985 मध्ये ती उठली. 2013 च्या कायद्याने मर्यादा साडेसात टक्के केली. 2017 च्या वित्त कायद्याने ती मर्यादा काढून टाकली, आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे कंपनीने सांगण्याचे बंधनही काढले. छागलांच्या इशाऱ्याला तेव्हा साठ वर्षे झाली होती.

खर्चाच्या बाजूलाही असेच झाले. 1974 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितले की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खर्चात धरावा. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून लोकसभा-विधानसभेच्या कायद्यात स्पष्टीकरण घातले आणि पक्षाचा, मित्रांचा खर्च हिशेबाबाहेर काढला. 2003 मध्ये ती वाट बरीच अरुंद झाली. तरी पक्षाने एकंदर किती खर्च करावा याला त्या कायद्यात आजही मर्यादा नाही. हे नियम लोकसभा-विधानसभेसाठी घडले असले, तरी पक्ष तोच असतो आणि त्याची तिजोरीही तीच असते. प्रभागातला उमेदवार पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या ज्या एबी फॉर्मसाठी रात्ररात्र जागतो, तो फॉर्म देणारा हात त्या तिजोरीजवळचा असतो.

2017 च्या फेब्रुवारीत दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. 1 फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांनी लोकसभेत निवडणूक रोख्यांची, म्हणजे देणगीदाराचे नाव उघड न होता पक्षाला देणगी देण्याची, कल्पना मांडली. 21 फेब्रुवारीला मुंबईने मतदान केले. उपनगरांतल्या सभांमध्ये तेव्हा खड्डे, नालेसफाई आणि शिवसेना-भाजप युती तुटल्याचा राग होता. रोख्यांकडे कोणाचे लक्ष नव्हते. निकालात शिवसेनेला 84 आणि भाजपला 82 जागा मिळाल्या. 2 जानेवारी 2018 ला रोख्यांची योजना अधिसूचित झाली. तिच्यातली एक अट स्थानिक लोकशाहीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्यावर बोलले गेले ते फार थोडे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29 अ खाली नोंदलेल्या, आणि मागच्या लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीत किमान 1 टक्का मते मिळवलेल्या पक्षालाच रोखे वटवता येत होते. फक्त महापालिका लढवणाऱ्या आघाडीला, नागरिकांच्या मंचाला, अपक्षाला ते दार बंद होते.

आयकर कायद्याचेही तेच आहे. त्याखाली राजकीय देणगीवर करसवलत मिळते, पण देणगी 29 अ खाली नोंदलेल्या पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला दिली तर. आपल्या वॉर्डातल्या अपक्ष उमेदवाराला, ओळखीच्या शिक्षिकेला किंवा निवृत्त अभियंत्याला, कोणी 5 हजारांचा धनादेश दिला, तर त्याला ही सवलत नाही. तेच 5 हजार मोठ्या पक्षाच्या मुख्य कार्यालयाला दिले तर आहे.

याचा अर्थ काय होतो, हे जुहूच्या अनुभवावरून समजते. 2007 च्या महापालिका निवडणुकीत जुहूच्या रहिवाशांनी अडॉल्फ डिसूझा यांना नागरिकांचा उमेदवार म्हणून उभे केले आणि निवडून आणले. अंधेरी पश्चिमेच्या के पश्चिम विभागातला हा प्रभाग. पक्षाच्या तिजोरीशिवाय महापालिकेत पोहोचता येते हे त्या विजयाने दाखवले, आणि नगरसेवक निधी कुठे खर्चावा हे रहिवाशांशी बसून ठरवण्याची रीतही तिथे रुजू पाहत होती. 2012 मध्ये 'मुंबई 227' या नावाने हा प्रयोग शहरभर नेण्याचा प्रयत्न झाला. त्याला यश आले नाही. अपयशाची कारणे अनेक असतील, पण पैशाच्या नियमांनी अशा उमेदवाराला कोणतीच मदत केली नव्हती, हे कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे. घटनेने मत वॉर्डापर्यंत आणले. पैशाचे नियम मात्र वरच राहिले, आणि ते वरच्यांसाठीच लिहिले गेले.

देणगीदाराचे नाव कळते तेव्हाही ते वॉर्डाच्या उपयोगी पडेल अशा वेळी कळत नाही. 20 हजारांवरच्या देणग्यांची यादी पक्ष दिल्लीतल्या निवडणूक आयोगाला देतात. 2015-16 च्या यादीत शिवसेनेला सुमारे 87 कोटी मिळाल्याची नोंद आहे, प्रादेशिक पक्षांत सर्वाधिक, आणि त्यातले 85 कोटी एकट्या व्हिडिओकॉन कंपनीकडून. कायद्याने तेव्हा अशी देणगी देता येत होती, आणि ती जाहीरही झाली. परंतु असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या विश्लेषणातून ही बाब ठळकपणे वर्तमानपत्रांत आली ती 2017 च्या सप्टेंबरात. मुंबईचे मतदान होऊन तेव्हा सात महिने उलटले होते. बोरिवलीचा मतदार फेब्रुवारीत मत देताना महापालिकेवर राज्य करणाऱ्या पक्षाचा सर्वांत मोठा जाहीर देणगीदार कोण, याचा विचार करूच शकत नव्हता. रोख्यांच्या बाबतीत तर नावे उघड व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा 15 फेब्रुवारी 2024 चा निकाल लागला. महिन्याभरात यादी प्रसिद्ध झाली. 12 एप्रिल 2019 नंतरच्या व्यवहारांत भाजपने 6,060 कोटींचे रोखे वटवलेले दिसले. त्या यादीतही कंपनीचे नाव आहे, पक्षाचे नाव आहे. शहराचे किंवा निवडणुकीचे नाही.

राज्य निवडणूक आयोगाला याबाबत काहीच करता येत नाही असे मात्र नाही, आणि त्याचे पुरावे आयोगाच्याच आदेशांत आहेत. 2016 च्या जुलैत आयोगाने आयकर विवरण आणि लेखापरीक्षित हिशेब न दिल्याबद्दल 191 पक्षांची नोंदणी रद्द केली. त्यांत एमआयएमही होता. त्याची नोंदणी पुढे पूर्ववत झाली. हिशेब द्या नाहीतर चिन्ह विसरा, असे एका राज्याचा आयोग पक्षांना सांगू शकतो, हे त्या आदेशाने सिद्ध झाले. दुसरा आदेश जानेवारी 2021 चा. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात मंदिराच्या नावाने सरपंचपदाचा लिलाव झाला आणि बोली 2 कोटी 5 लाखांवर गेली. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत बोली 42 लाखांवर गेली. आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. गावात बोली उघड्यावर लागली म्हणून ती कॅमेऱ्यात सापडली. उपनगरात तिकिटाची किंमत कोणी माइकवर पुकारत नाही, त्यामुळे असा आदेश तिथे निघालेला नाही.

7 मार्च 2022 ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. प्रभाग आधी 236 झाले, पुन्हा 227 झाले, आणि प्रकरण न्यायालयात अडकले. जवळजवळ चार वर्षे अंधेरीला नगरसेवक नव्हता, मुलुंडला नव्हता. या काळात वॉर्डाच्या कामांचा पैसा कोणी वाटला, हेही कागदांत सापडते. 2023 च्या फेब्रुवारीत महापालिकेने धोरण केले की आमदारांनी सुचवलेल्या कामांसाठी पालकमंत्र्यांच्या मंजुरीने प्रत्येक विधानसभा मतदारसंघाला 35 कोटींपर्यंत निधी द्यावा. 'इंडियन एक्स्प्रेस'ने 2024 च्या जानेवारीत महापालिकेच्या नोंदी तपासून छापले की शहराच्या 36 आमदारांपैकी सत्ताधारी बाजूच्या 21 जणांच्या मतदारसंघांना त्या वर्षात सुमारे 500 कोटी मिळाले, आणि निधी मागूनही विरोधी आमदारांना काही मिळाले नाही. हे पैसे कोणत्याही पक्षाच्या तिजोरीतले नव्हते. ते घरपट्टी भरणाऱ्यांचे होते, आणि त्यांतून झालेल्या गटारावर, चौकावर, बगिच्यावर आमदाराच्या नावाचा फलक लागला. प्रचाराचा एवढा मोठा खर्च निवडणुकीच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही. यापेक्षा गंभीर गोष्ट या सगळ्या कागदांत मला दुसरी दिसली नाही. उमेदवाराने मर्यादेबाहेर खर्च केला तर निदान कायदा मोडला असे म्हणता येते. इथे नगरसेवकांचे सभागृहच नव्हते, आणि त्या रिकाम्या जागेत महापालिकेचा पैसा पक्षाच्या रेषेवरून वाटला गेला.

15 जानेवारी 2026 रोजी अखेर मतदान झाले. मतदार 1 कोटी 3 लाखांवर गेले होते, मर्यादा 15 लाख होती, म्हणजे मतदारामागे सुमारे 33 रुपये. आयोगाने मर्यादा वाढवली ते बरोबर केले. खोट्या हिशेबाला भाग पाडणारी मर्यादा कोणाच्याच कामाची नसते. पण मर्यादा वाढवणे हे अर्धे काम आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आयोगाला संसदेकडे बघत बसण्याची गरज नाही असे माझे मत आहे. ज्या अधिकारात त्याने 191 पक्षांकडून हिशेब मागितला, त्याच अधिकारात तो सांगू शकतो की महापालिका लढवणाऱ्या प्रत्येक पक्षाने त्या शहराच्या निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते ठेवावे, आधीच्या दोन वर्षांत त्या शहरातून मिळालेल्या मोठ्या देणग्यांची यादी मतदानाच्या पंधरा दिवस आधी द्यावी, आणि ती यादी उमेदवारांच्या शपथपत्रांबरोबर अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपरच्या, म्हणजे के पूर्व, आर मध्य, टी आणि एन विभागांच्या कार्यालयांत मराठीत लावली जावी. महापालिकेच्या कंत्राटदारांची नावे स्थायी समितीच्या कागदपत्रांत असतातच. दोन याद्या शेजारी ठेवून वाचायचे काम मुलुंडची एखादी निवृत्त बँक कर्मचारी किंवा अंधेरीचा एखादा वार्ताहर एका संध्याकाळी करू शकेल.